रत्नांच्या गावी

संग्रहाचे वेड माणसाला नेमके कोणत्या युगात लागले हे सांगणे कठीण आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे, समुद्रकाठचे शिंपले, यांपैकी एखादे वेड प्रत्येक घरी एकदा तरी मुक्कामाला येऊन जाते. बहुतेक वेडे शालान्त परीक्षेच्या सुमारास आपण होऊन निरोप घेतात. रंगीत खड्यांचे वेड मात्र उलट्या पावलांनी येते. ते उतारवयात जडते, आणि एकदा जडले की कोंदणातल्या खड्यासारखे पक्के बसते.

आमच्या नानामामांना ते पेन्शन सुरू झाल्यावर जडले. आता रत्नांचा शौक म्हणजे राजेरजवाड्यांचा, असे आपण समजतो. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो कसा परवडावा? पण नानामामांची तऱ्हाच निराळी. खडा मुगाच्या डाळीएवढा असला तरी त्यांना चालतो. त्याला चीर असली, डाग असला तर अधिकच आवडतो. मामींनी मोडीत काढलेला पितळी मिसळणाचा डबा हा त्यांचा जामदारखाना. मोहरीच्या वाटीत अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द, जिऱ्याच्या वाटीत खंबायतचा अकीक, हळदीच्या वाटीत ऑस्ट्रेलियाच्या लाइटनिंग रिजचा ओपल, मेथीच्या वाटीत राजस्थानचा तांबडा गार्नेट. पाहुण्याला चहा मिळो न मिळो, डब्याचे दर्शन चुकत नाही.

नवा खडा हाती आला की नानामामा त्याची किंमत आधी विचारीत नाहीत. दोन मराठी माणसे रेल्वेच्या डब्यात भेटली म्हणजे पहिला प्रश्न टाकतात तोच ते खड्याला टाकतात, "आपले गाव कोणते?" आणि गंमत अशी की, भिंग डोळ्याला लावले तर खडा पुष्कळदा उत्तर देतो. कोलंबियातल्या मुझोच्या पाचूच्या पोटात खारट पाण्याचा इवलासा थेंब असतो, त्या थेंबात एक बुडबुडा आणि मिठाचा एक चिमुकला स्फटिक. उरल पर्वतातल्या हिरव्या डेमँटॉइडमध्ये घोड्याच्या शेपटीसारखे तंतू पसरलेले दिसतात. टांझानाइट नावाचा निळाजांभळा खडा तर १९६७ साली टांझानियातल्या मेरेलानी टेकड्यांत सापडला आणि आजवर साऱ्या पृथ्वीवर दुसरे गाव त्याने सांगितलेले नाही. सराफ ज्याला दोष म्हणतो तो नानामामांच्या लेखी जन्मदाखला असतो. "अरे, हा डबा म्हणजे माझा नकाशा आहे," ते म्हणतात, "फक्त हात लावून वाचायचा."

या नकाशात एक वाटी वर्षानुवर्षे रिकामी होती. ती होती लंकेची. एवढ्यासाठी आम्ही दोघे मुंबईहून कोलंबोच्या विमानात बसलो. निघताना मामींनी दारातच बजावले, "काय वाटेल ते आणा, पण नीलम आणू नका. शनीचा खडा माझ्या घरात नको."

काळू गंगेच्या काठी

कोलंबोहून आग्नेयेस सुमारे १०० किलोमीटरवर रत्नपुरा आहे. एके काळी अरुंद रुळांची छोटी आगगाडी या बाजूला येत असे. आता मोटारीचाच रस्ता. अविस्सावेल्ला मागे पडले की दोन्ही हातांना रबराचे मळे लागतात, मग भातखाचरे, मग पुन्हा डोंगर. पाऊस इथला फार लाडका पाहुणा. वर्षाला साडेतीनशे सेंटिमीटरांहून अधिक कोसळतो. कोकणातल्या माणसाला परके वाटेल असे या मुलुखात काही नाही. सुपारी तीच, फणस तोच, ओल्या मातीचा वासही तोच.

भाषासुद्धा कानाला अनोळखी वाटत नाही. गावाचे नाव तर संस्कृतच. नदी काळू गंगा. सिंहली भाषेत कोणत्याही रत्नाला 'मॅणिक' म्हणतात, म्हणजे आपले माणिकच; आपण ते एका तांबड्या खड्याला ठेवून घेतले, त्यांनी साऱ्या गोतावळ्याला वाटून दिले. आपल्या पूर्वजांना हा मुलूख ठाऊक होता. गरुडपुराणात बल नावाच्या असुराची कथा आहे. त्याच्या देहाच्या अवयवांची रत्ने झाली. डोळ्यांचे इंद्रनील झाले आणि ते सिंहल देशात पडले, असे पुराणकार सांगतात. १३४४ साली इब्न बतूता इथे आला आणि इथली रत्ने पाहून थक्क झाला. उत्तरेकडच्या ढगांतून श्रीपादाचे शिखर डोके वर काढते. उंची २२४३ मीटर. माथ्यावरच्या खळग्याला बौद्ध बुद्धाचे पाऊल म्हणतात, हिंदू शिवाचे, तर मुसलमान आणि ख्रिस्ती आदमाचे. एकाच खळग्यात एवढी मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात, हे काही लहान रत्न नव्हे.

भूगर्भशास्त्रज्ञांची कथा पुराणाइतकीच अद्भुत आहे. पन्नास-साठ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात खोलवर, भयंकर उष्णतेत आणि दाबाखाली इथले खडक भाजून निघाले. त्यांत हे स्फटिक जन्मले. पुढे वर आलेले डोंगर पावसाने झिजले, मऊ खडकाची माती झाली, पण हे कठीण दाणे टिकले. ओढ्यानाल्यांनी ते वाहून दरीत आणले आणि वाळू-गोट्यांच्या थरात पुरून ठेवले. या थराला इथे 'इल्लम' म्हणतात. त्यावर चिकणमाती साचली, मातीवर माणसाने भात लावला. आज रत्नपुऱ्याचा शेतकरी आपल्या खाचरात उभा असतो तेव्हा पायाखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक नसते म्हणूनच झोपही लागत नाही.

खड्ड्यातली माणसे

कोलंबोतल्या एका स्नेह्यांच्या ओळखीने आम्ही एका मुदलालींकडे उतरलो होतो. मुदलाली म्हणजे पेढीवाला, शेठ. साठीचा, पांढऱ्या सरोंगातला, मृदू बोलणारा गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हांला खाणीवर घेऊन गेले. खाण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तसे काहीच तिथे नव्हते. भाताच्या खाचरात एक चौकोनी विहीर, वर झावळ्यांचे छप्पर, शेजारी धडधडणारा पाण्याचा पंप. विहिरीच्या भिंती लाकडी ओंडक्यांच्या चौकटींनी तोलून धरलेल्या, आणि चौकटींच्या मागे 'केकिल्ल' नावाच्या नेच्याची पाने ठासून भरलेली, म्हणजे माती ढासळू नये आणि पाणी मात्र झिरपावे. लोखंड नाही, सिमेंट नाही. काम सुरू करण्याआधी मुहूर्त पाहिला होता, दिवा लावला होता. पौर्णिमेला काम बंद.

वाकून पाहिले तर खोल तळाशी चार माणसे गुडघाभर पाण्यात इल्लम खणीत होती. पंप थांबला तर विहीर भरून यायला वेळ लागणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. भरलेली पाटी दोराने वर येत होती आणि ढीग वाढत होता.

दुपारी धुण्याचे काम निघाले. वेताच्या उथळ टोपलीत खडी घेऊन माणसे कमरभर पाण्यात उतरली आणि टोपली गोल गोल फिरवू लागली. आपल्याकडे बायका सुपाने पाखडतात ना, तीच विद्या पाण्यातली. माती वाहून जाते, हलके गोटे कडेने उडून पडतात आणि जड दाणे तळाशी बसतात. नीलमाचा दाणा साध्या गारेच्या दीडपट जड असतो, म्हणून तो हटून राहतो. मग एक म्हातारा पुढे झाला. त्याने टोपली उन्हाकडे तिरकी धरली आणि अंगठा एकदाच, पियानोवरून फिरवावा तसा, खड्यांवरून फिरवला. आम्हांला दिसली ती निव्वळ खडी. त्याने मात्र त्यातून पाच-सहा दाणे उचलले. बहुतेक गार्नेट, एक मात्र वाटाण्याएवढा, फिकट निळसर, धुक्यातून आभाळ दिसावे तसा.

कुणी ओरडले नाही, कुणी नाचले नाही. मुदलालींनी तो एका पुडीत बांधला. नानामामा तिथल्या तिथे घ्यायला निघाले होते, पण तसे चालत नाही. जमीनमालक, परवानाधारक, पंपाचा मालक, पैसे घालणारा आणि खणणारे, सगळे भागीदार. विक्री सगळ्यांसमोर व्हायची आणि मग वाटे पडायचे. खणणाऱ्यांना बहुधा रोजचा पगार नसतो. जेवण आणि निघेल त्यात वाटा. नानामामांनी म्हाताऱ्याला विचारले, मुदलालींनी दुभाष्याचे काम केले.

"मोठा खडा केव्हा निघाला होता?"

"माझ्या हाताने? एकदाच. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी."

"मग इतकी वर्षे काय?"

म्हातारा हसला. "इतकी वर्षे उद्या निघेल."

बोलता बोलता त्याने टोपली पुन्हा भरून घेतली. नानामामा गप्प झाले. हा मनुष्य गप्प होतो म्हणजे काहीतरी खोल रुतले असे समजावे.

बाजारात

रत्नपुऱ्याचा बाजार दुकानांत थोडा आणि रस्त्यावर जास्त भरतो. सकाळी घड्याळाच्या मनोऱ्याच्या बाजूला पाहावे तर शेकडो माणसे नुसती उभी. कुणाच्या हातात काही दिसत नाही. जवळ गेले की मूठ उघडते, कागदाची घडी उलगडते आणि तळहातावर रंग उमटतात. केशरी, मधाचा, वांग्याच्या फुलाचा, मोरकंठी. आपला लसण्या इथलाच, गोमेद इथला, पुष्कराज इथला. कमळाच्या पाकळीसारखा गुलाबी-केशरी 'पद्पराज' तर इथला राजाच. नावाची फोड केलीत तर त्यात आपला पद्मराग लपलेला सापडेल. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात 'स्टार ऑफ इंडिया' नावाचा ५६३ कॅरटचा ताऱ्याचा नीलम आहे. नाव हिंदुस्थानचे, पण माहेर हेच. १९६४ साली तो चोरीस गेला आणि पुढच्या वर्षी मायामीच्या बसस्थानकावरच्या एका कपाटात सापडला.

एका तरुणाने नानामामांपुढे पुडी उघडली. निळा रंग असा की डोळा हटू नये, एकही डाग नाही, आणि भाव अगदी मवाळ. नानामामांनी भिंग लावले. आत बारीक वक्र रेघा दिसल्या. निसर्गातला स्फटिक पैलू पैलूने वाढतो, म्हणून त्याच्या आतल्या रेघा सरळ आणि कोनदार असतात. वक्र रेघा भट्टीतल्या. फ्रान्समधल्या व्हर्नोयी नावाच्या रसायनज्ञाने ज्वाळेत माणिक बनवण्याची कृती १९०२ साली जाहीर केली, त्यानंतर नीलमही तसाच बनू लागला. रासायनिकदृष्ट्या तो खराच असतो. नानामामांनी पुडी परत दिली. "सुंदर आहे," ते म्हणाले, "पण याला गाव नाही."

तरुणाला त्यात राग येण्यासारखे काही वाटले नाही. त्याने हसून दुसरी पुडी काढली.

संध्याकाळी मुदलालींच्या ओसरीवर ही हकीकत निघाली तेव्हा त्यांनी गेउड्याची कथा सांगितली. गेउडा म्हणजे दुधाळ, मळकट नीलम. जुन्या काळी त्याला कुणी विचारीत नसे. मुले खेळायला नेत. १९७०च्या दशकात थायलंडचे व्यापारी आले आणि हे टाकाऊ दगड मातीमोलाने पोत्यांनी घेऊ लागले. लोक हसले. मग बँकॉकच्या बाजारात निळेभोर नीलम दिसू लागले, आणि हसू मावळले. भेद असा होता की, दुधाळपणा ज्या सूक्ष्म सुयांमुळे येतो त्या टायटॅनियमच्या असतात. दीड हजार अंशांच्या वर तापवले की त्या विरघळतात आणि लोहाशी हातमिळवणी करून निळा रंग देतात. रंग दगडातच होता, फक्त झोपलेला. पुढे लंकेची माणसेही ही विद्या शिकली. आज बाजारातले बहुतेक नीलम भट्टीतून गेलेले असतात.

"मग ते खोटे का?" मी विचारले.

"खोटे नव्हेत," मुदलाली म्हणाले. "तापवलेला आहे असे सांगून विकला तर तो खरा. न सांगता विकला तर विकणारा खोटा."

ज्या खड्याला अशी आच लागलेली नसते त्याच्या आत त्या सुया रेशमासारख्या शाबूत राहतात. पुष्कळ आणि नीट रांगेत असल्या तर त्यांचाच सहा किरणांचा तारा होतो. म्हणजे पुन्हा तीच गोष्ट: ज्याला सराफ दोष म्हणतो, तीच खऱ्याची सही.

बापलेकांचे भांडण

नानामामांच्या मनात एव्हाना तसा एक रेशमी, फिकट नीलम भरला होता. आड येत होत्या त्या मामी. रात्री दूरध्वनीवर त्यांनी युक्तिवाद मांडला. नीलम, पुष्कराज आणि माणिक हे तिन्ही एकाच घरचे, तिन्ही कोरंडम. शुद्ध कोरंडमला रंगच नसतो. किंचित क्रोमियम शिरले की ते माणिक, लोह आणि टायटॅनियम शिरले की नीलम. "तुझ्या अंगठीत माणिक आहे. माणिक सूर्याचे, नीलम शनीचा. शनी सूर्याचाच मुलगा. बाप घरात आहे, मुलाला दारातून कसे परत पाठवायचे?"

पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग मामी म्हणाल्या, "बापलेकांचे पटत नव्हते, हेही तुम्हीच सांगता ना? मग राहू देत वेगवेगळ्या घरी."

रसायनशास्त्र हरले. दुसऱ्या दिवशी नानामामांनी नीलमाच्या पुड्या बाजूला सारल्या आणि स्पिनेल पाहू लागले. या खड्याचे नशीबच विचित्र. शतकानुशतके लोक त्याला माणिक समजत आले. इंग्लंडच्या राजमुकुटात मिरवणारा 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' प्रत्यक्षात स्पिनेल आहे. मोगल बादशहांची नावे कोरलेला 'तैमूरचा माणिक', तोही स्पिनेल. जन्मभर दुसऱ्याच्या नावावर मान मिळवलेला हा खडा नानामामांना मनापासून आवडला.

फिकट जांभळा स्पिनेल निवडण्यामागे आणखी एक सुप्त आशा होती. १९४५ साली डब्लिनमध्ये रिचर्ड टाफ या रत्नपारख्याने एका जवाहिऱ्याकडून जुन्या मोडीतले खडे घेतले. त्यांतल्या एका फिकट जांभळ्या 'स्पिनेल'मधून पाहताना पलीकडचे धुळीचे कण त्याला जोडीजोडीने दिसले. स्पिनेलमध्ये असे कधी होत नाही. तपासणीसाठी लंडनला पाठवला तेव्हा ते जगाला अज्ञात असे खनिजच निघाले. त्याला टाफाइट नाव मिळाले, आणि पुढे त्याचे मूळ या लंकेच्या खडीत असल्याचे कळले. खडा आधी पैलू पाडून हाती आला आणि ओळख मागाहून पटली! संग्राहकाच्या वेडाला एवढे इंधन पुरेसे असते. नानामामा भर उन्हात पाव तास भिंग लावून उभे होते. पण धुळीचे कण हट्टाने एकेकटेच दिसत राहिले. त्यांनी तो खडा तरीही घेतला.

व्यवहार झाल्यावर नानामामांनी खिशातून वही काढली. खड्याचे नाव, वजन, गाव, तारीख. मग व्यापाऱ्याला विचारले, "हा काढला कुणी?"

व्यापारी गोंधळला. त्याने तो दुसऱ्याकडून घेतला होता, त्याने तिसऱ्याकडून. एवढा मोठा साखळदंड, पण पहिली कडी कुणाच्या लक्षात नव्हती. नानामामांनी वहीत रकाना आखला, 'काढणारा' असे वर लिहिले आणि खाली जागा कोरी ठेवली. खड्याचे गाव भिंगातून दिसते. कमरभर पाण्यात उभा राहून ज्याने तो उजेडात आणला त्याचे नाव मात्र कोणत्याच भिंगात दिसत नाही.

आपल्या पायाखाली

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नानामामांनी मुदलालींच्या हातावर एक पुडी ठेवली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खडीच्या खाणीतला पांढरा स्टिल्बाइट, आणि त्यावर निळ्याशार कॅव्हन्साइटचे दोन-तीन गोंडे. मुदलालींनी तो दिव्याखाली धरला आणि प्रथमच त्यांचा आवाज चढला. "हा तुमच्या गावचा?"

मुलखावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतल्या पोकळ्यांत सावकाश हे स्फटिक वाढले. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोटातली ही फुले जगभरच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली आहेत. जळगावच्या खाणींतला ॲपोफिलाइट, पुण्याच्या पाषाण भागातला हिरवा, यांची नावे परदेशी संग्राहकांना तोंडपाठ असतात. सिन्नरला 'गारगोटी' नावाचे संग्रहालयच आहे. मुंबई-पुण्याच्या इमारतींसाठी सुरुंग लागतो, खडी फुटते आणि कधीतरी एखादा खाणकामगार हात आखडतो, फुटलेल्या धोंड्यातली चमक पाहून. तोही रत्नपुऱ्याच्या म्हाताऱ्याचाच भाऊबंद.

परतीच्या वाटेवर मोटार त्या खाचराजवळून गेली. शेजारची एक जुनी विहीर बुजवून टाकली होती. बुजवण्याची हमी म्हणून सरकारकडे आधी पैसे भरावे लागतात. बुजवल्या जागेवर भाताची कोवळी रोपे वाऱ्यावर डुलत होती. पलीकडे पंप धडधडत होता. टोपली फिरत होती.

नानामामांनी गाडी थांबवली आणि ते खाचराच्या बांधावरून चालत गेले. मुदलाली सोबत नव्हते, दुभाष्या नव्हता. म्हाताऱ्यासमोर त्यांनी वही उघडली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून आपले नाव सांगितले आणि मग पेन्सिल त्याच्यापुढे धरली. म्हाताऱ्याने ओले हात सरोंगाला पुसले आणि गोल गोल सिंहली अक्षरांत, सावकाश, काहीतरी लिहिले. जांभळा स्पिनेल त्याने काढलेला नव्हता, हे आम्हांला ठाऊक होते. पण तो कोरा रकाना त्यानंतर कोरा राहिला नाही.